खिडकीचा उजेड, ५० मिमी आणि रेंजफाइंडर

लायका एम-३ (रेंजफाइंडर कॅमेरा: लेन्सच्या बाहेरच्या वेगळ्या खिडकीतून बघायचं आणि दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा), ५० मिमी लेन्स, एचपी-५ ही कृष्णधवल फिल्म. घरातल्या पोर्ट्रेटला एवढं पुरतं. माणसाला खिडकीपासून हातभर अंतरावर, थोडं तिरपं बसवा. ऊन थेट येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा.

उजेड मोजायचं मीटर तळहातावर धरा. तळहात खिडकीकडे, चेहऱ्यावर पडतो तोच उजेड त्यावर हवा. मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतं, आणि तळहात त्यापेक्षा साधारण एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) उजळ असतो, म्हणून मीटरने एफ २ ला (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) १/२५० सेकंद दाखवलं तर १/१२५ लावा. निगेटिव्ह फिल्मला थोडा जास्त उजेड चालतो, कमी चालत नाही. सावलीतला डोळा एकदा गेला की प्रिंटमध्ये परत येत नाही.

खरी गोची फोकसची. एक मीटरवर एफ २ ला पुढेमागे मिळून जेमतेम साडेचार सेंटीमीटर भागच धारदार येतो. त्यात रेंजफाइंडरच्या दोन प्रतिमा आडव्या दिशेने सरकतात, त्यामुळे पापणीच्या आडव्या रेषेवर त्या जुळल्या की नाही ते कळतच नाही. उभी कड शोधा: बुबुळाची बाजू, चष्म्याच्या फ्रेमची उभी बाजू, नाहीतर डोळ्यातला खिडकीचा ठिपका. फोकस जवळच्या डोळ्यावर. मग फ्रेम बदलताना समोरच्याची मान मागे गेली तर नाकच धारदार येतं! एफ २.८ वर या, थोडा दिलासा मिळतो.

आणि हो, लेन्सचं झाकण. व्ह्यूफाइंडर लेन्समधून बघत नाही, म्हणून ते लावलेलं राहिलं तरी त्यातून कळत नाही.