शेपटावरचा हात

मांद्रे, रविवार रात्र

शुक्रवारी सकाळी गोव्यातल्या आश्वेच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकताना मी एक लाट स्वतःच्या बळावर पकडली, अशी माझी काल दुपारपर्यंत ठाम समजूत होती. मग सुनंदाने व्हिडिओ पाठवला. त्यात माझ्या 9 फुटी फळीच्या शेपटावर त्या शिकवणाऱ्या मुलाचा हात स्वच्छ दिसतो. लाट येते, तो फळी पुढे लोटतो, आणि मगच मी धडपडत उभी राहते.

त्या हाताचा राग नाही. राग आहे तो मला तो कळला नाही याचा. माईंना मी लगेच फोन केला होता, दादालाही केला होता (चार महिन्यांनी बोललो ते एवढेच, बाकीचे राहिलेच). एकावन्नाव्या वर्षी एक तरी गोष्ट कोणाच्या आधाराशिवाय जमली असे वाटले होते, तर तीही लोटलेलीच निघाली.

आश्वेचा किनारा नवख्यांना सोपा म्हणतात, कारण तळ वाळूचा आणि उतार मंद असल्यामुळे लाट एकदम कोसळत नाही, माथ्यावरून फेसाळत, बळ थोडे थोडे खर्च करत येते. पण या सौम्यपणातच खोच आहे, जी मला बहुधा सांगितली गेली होती आणि मी ऐकली नव्हती: उभ्या चढाच्या लाटेवर फळी आपोआप घसरू लागते, मंद लाटेला मात्र हात मारून तिच्या वेगाच्या जवळपास जावे लागते, नाहीतर ती खालून निमूट निघून जाते. म्हणजे उभे राहायला सोपी, गाठायला अवघड. आणि मला कौतुक हवे होते ते नेमके गाठण्याचे.

रात्री व्हिडिओ सातव्यांदा पाहताना हात सोडून माझ्या चेहऱ्याकडे लक्ष गेले. तोंड उघडे आणि डोळे घट्ट मिटलेले. जिने लाट पाहिलीच नाही, तिने ती पकडल्याचे गावभर सांगावे, हे जरा जास्तच झाले. मला एकटीलाच हसू आले.

आज मतलई वारा (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) पडायच्या आत, पाणी गुळगुळीत होते तेव्हाच गेले आणि त्याला बजावले की फळीला हात लावायचा नाही. तो कमरेएवढ्या पाण्यात हाताची घडी घालून उभा राहिला. अकरा लाटा खालून गेल्या. प्रत्येक वेळी फळीचे शेपूट किंचित उचलले जाई, पोटाखाली पाणी फुगे, आणि लाट पुढे जाऊन किनाऱ्यावरच्या पोरांना भिजवी. "ताई, शेवटी थांबता तुम्ही. अजून दोन हात मारा," एवढेच तो म्हणाला. खांदे भरून आले होते.

बाराव्या लाटेला मीच ओरडले, "लाव रे हात!"

"नक्की?" त्याने विचारले, आणि तेवढ्यात तीही निघून गेली.