गंधार चढाच लावलाय

आमच्या पियानोचा सूर उतरलाय हे घरात सगळ्यात आधी कळलं ते पियानोला कधी हात न लावणाऱ्या माणसाला, म्हणजे सासूबाईंना. मी आपली ऑफिसातून आले की रोज अर्धा तास बोटं बडवत होते आणि सगळं झकास चाललंय अशा समजुतीत होते. एका रविवारी त्या आतून इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेऊन आल्या, पांढरी एकवर, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या सुरावर लावला आणि म्हणाल्या, "आता तुझी पांढरी एक दाब बघू." दाबली. दोन सूर एकमेकांना असे चावले की माझा हात आपोआप वर आला.

"अगं, जवळजवळ पाव सूर खाली आहे हे. इतके दिवस चालवून कसं घेतलंस?"

कान सरावतो, दुसरं काय. पियानो एका रात्रीत उतरत नाही, रोज केसभर उतरतो. आणि कान त्याच्याबरोबर उतरत जातो.

2017च्या मे महिन्यात दादरच्या एका पारशी कुटुंबाकडून आम्ही हा जुना उभा पियानो घेतला. दोनशेच्या वर किलोचं धूड चार हमालांनी पार्ल्याच्या तिसऱ्या मजल्यावर जिन्याने चढवलं, तेव्हा अख्खी सोसायटी कठड्याला लोंबकळून बघत होती. मूळ मालकीणबाई वर्षातून दोनदा ट्यूनिंग करायच्या. मला वाटलं, हौशी असतील. पुढची तीन वर्षं मी काहीच केलं नाही.

सासूबाईंच्या त्या रविवारनंतर घाईघाईने कुणाचा तरी नंबर मिळवला. तो आला, मोबाईलवर ॲप लावलं आणि पंचवीस मिनिटांत मोकळा झाला. जाता जाता खुंट्यांवर गंज दिसला म्हणून त्याने तेलाचा फवारा मारला, आणि मी वर त्याचे आभार मानले! खुंटी आत लाकडाच्या ठोकळ्यात निव्वळ घट्टपणावर उभी असते. तिथे तेल मुरलं की ती धरणार कशाला? महिन्याभरात खालच्या सप्तकातल्या दोन तारा ढिल्या पडून भुंग्यासारख्या घोंघावायला लागल्या.

मग भेटले आमचे आत्ताचे ट्यूनर. साठीच्या पुढचे, वसईचे. सकाळची लोकल पकडून येतात. पहिल्या दिवशी त्यांनी पुढची फळी काढली, टॉर्च मारला, तेल लागलेल्या खुंट्यांवरून बोट फिरवलं आणि फक्त "हं" म्हणाले. त्या दोन खुंट्या काढून जरा जाड खुंट्या ठोकल्या. पट्ट्यांच्या खालून एक केसांची पिन, पाच पैशांचं नाणं आणि लोकलचं पुठ्ठ्याचं जुनं तिकीट निघालं. हातोड्यांच्या नमद्याला कसर लागली होती, ती ब्रशने साफ केली. सूर लावायचं काम त्यानंतर.

पट्ट्या 88, पण तारा सव्वादोनशेच्या आसपास. खर्जात एका सुराला एकच तांबं गुंडाळलेली जाड तार, मग दोन, आणि मधल्या पट्टीपासून वर प्रत्येक सुराला तीन-तीन. सगळ्या तारांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात. म्हणून तीन वर्षं उतरलेला पियानो एका बैठकीत जागेवर येत नाही. एक भाग ओढला की चौकट नि फळी जरा दबते आणि आधी लावलेला भाग पुन्हा उतरतो. त्यांनी पहिल्या दिवशी सगळा पियानो ढोबळ ओढून घेतला, लगेच दुसरा हात फिरवला आणि तीन आठवड्यांनी पुन्हा आले. तरी वरच्या सप्तकातली एक तार टणकन तुटलीच. नवी घातली. ती पुढे सहा महिने सारखी उतरत होती. नवी तार ताणत राहते.

खरी गंमत सूर लावताना. मधल्या तारांमध्ये त्यांनी नमद्याची लांब पट्टी खुपसली, म्हणजे तिघींतली एकच तार बोलेल. गुडघ्यावर सेकंदाला 440 कंपनांचा ट्यूनिंग फोर्क आपटला आणि त्यावरून मधलं सप्तक बांधायला घेतलं. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसलेल्या. त्यांनी चाळीस वर्षं गाणं शिकवलंय.

"गंधार चढा लागलाय तुमचा."

"चढाच लावलाय, बाई."

मला वाटलं, आता भांडण होणार. पण त्या गृहस्थांनी हातातली खुंट्या पिळायची किल्ली खाली ठेवून समजावून सांगितलं. शुद्ध पंचम एकावर एक बारा वेळा चढवत गेलं, तर सात सप्तकं वरच्या 'सा'च्या किंचित पुढे जाऊन पडतो. तो उरलेला तुकडा कुठेतरी जिरवायला हवा, नाहीतर एका पट्टीत गोड आणि दुसरीत कडू. म्हणून प्रत्येक पंचम नखभर आखूड करायचा. तरीही गंधार पुरता शुद्ध होत नाही. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर तो साधारण चौदा भाग चढा राहतो. त्यांनी सा आणि ग एकत्र दाबले आणि आतली वां-वां-वां अशी लाट बोटांवर मोजून दाखवली. लाट अमुक वेगाने आली म्हणजे गंधार बरोबर चुकला.

"पेटीचंही हेच दुखणं," सासूबाई म्हणाल्या. "उगाच नाही 1940 साली रेडिओने बंदी घातली. ती उठायला 1971 उजाडलं." तानपुऱ्यातून आपसूक उमटणारा गंधार ऐकत आयुष्य गेलेल्या माणसाचं समाधान होणं शक्यच नव्हतं. पण एका सुराच्या तीन तारा रबरी पाचर लावून एकमेकींत मिळवताना ती लाट हळू होत होत विरली, तेव्हा त्याच पुटपुटल्या, "आता मिळाला."

मला वाटायचं, पियानो वाजवून वाजवून उतरतो. खरं तर निम्मा कारभार हवेचा. तारांमागची लाकडी फळी पावसाळ्यात फुगते, तारांना पुढे ढकलते आणि मधला भाग चक्क चढतो. हिवाळ्यात ती आकसली की उतरतो. आमच्या खोलीतला आर्द्रतामापक ऑगस्टमध्ये 80 दाखवतो, जानेवारीत 55. एसी दिवसातून चार वेळा चालू-बंद केला तर त्याहून वाईट, म्हणून पियानो आता बेडरूममधून हॉलच्या आतल्या भिंतीला आलाय. मालकीणबाईंनी खाली पेडलजवळ 40 वॉटचा बल्ब लावला होता, दमटपणा मारायला. तो गेल्यावर मी शहाणपणा करून एलईडी लावला. उजेड छान पडला, ऊब शून्य. आता त्या जागी हीटरची कांडी आहे.

पहिल्या पावसाबरोबर ट्यूनरकाकांना बोलवायचं नाही, हे मी शिकलेय. हवा बदलून लाकूड स्थिरावू द्यायचं, मग जुलैअखेर एकदा आणि डिसेंबरात एकदा.

यंदाचा जुलैचा शनिवार उद्या आहे. कुकरच्या शिट्ट्या साडेनऊच्या आत उरकायच्या, पंखे बंद, मिक्सर बंद, खालच्या मजल्यावर ड्रिलिंग चालू आहे त्यांना दोन तासांची विनंती करून झालीय. विमानांचं काही करता येत नाही. ते डोक्यावरून गेलं की काका किल्ली खुंटीवर तशीच धरून छताकडे बघत थांबतात. सासूबाईंनी त्यांची खुर्ची आजच दारात नेऊन ठेवलीय.