मेणवलीच्या घाटावरचा लाल सूट

मेणवलीच्या घाटावर युनिट लागलं होतं. सूट मुंबईहून शिवून आलेला: चकचकीत लाल लायक्रा, छातीवर सोनेरी सॅटिन. मालिका जुन्या धाटणीच्या सुपरहिरोची, आजच्या पोरांसाठी. पण ऊन पडलं की हिरोच्या छातीवर पांढरा चट्टा उमटायचा आणि मॉनिटरवर टाके मोजता यायचे. कॅमेरामन वैतागला. सांगलीहून गावकऱ्यांच्या पात्रांची ड्रेपरी घेऊन गेलो होतो, पण गळ्यात पडला तो हा सूट.

१९९७ला दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ लागायचा तेव्हा टीव्ही लहान, चित्रात मुंग्या. तिथे भडकपणाच कामाला यायचा. त्याच्याही आधी, १९५२ला सुरू झालेल्या जॉर्ज रीव्ह्जच्या सुपरमॅन मालिकेचे पहिले दोन सीझन कृष्णधवल होते. म्हणून सूट शिवला तपकिरी-करड्या रंगांचा, कारण पडद्यावर त्याच छटा नीट वेगळ्या दिसायच्या. आताचा कॅमेरा धागासुद्धा सोडत नाही, म्हणून मॅट, पोत असलेलं कापड लागतं.

दिग्दर्शकाचा प्रश्न वेगळाच होता: ‘हा माणूस असले कपडे घालतो कशाला?’ प्रश्न रास्त आहे. २०१४च्या ‘द फ्लॅश’मध्ये सूट मुळात अग्निशमन दलासाठी बनवलेला दाखवलाय. २०१५च्या ‘डेअरडेव्हिल’मध्ये नायक जवळजवळ सगळा पहिला सीझन काळ्या कपड्यांत, डोळ्यांवर फडकं बांधून मारामारी करतो, लाल सूट येतो शेवटच्या भागात. तरुण सुपरमॅनच्या ‘स्मॉलविल’ने तर २००१ ते २०११ नायकाला सूट चढवणंच लांबणीवर टाकलं. मला ते अतीच वाटतं. आमच्या लेखकाने सूट आजोबांच्या तालमीतल्या पेटीत सापडतो असं केलं. माझं काम सोपं झालं, कारण आता तो जुना, वापरलेला दिसला तरी चालणार होता.

सॅटिन उसवून मॅट रेक्झिन लावलं. ताणणाऱ्या कापडावर सरळ टाका घातला की पहिल्याच उडीला तुटतो, म्हणून झिगझॅग. मग सूट डमीवर चढवून, ताणलेला असतानाच, एअरब्रशने पातळ मरून रंग बरगड्यांच्या कडेला आणि पोटाच्या खाचांत मारला. उंचवटे तसेच ठेवले. टेबलावर पसरून रंगवला असता तर अंगात घालताच रंगाला भेगा पडल्या असत्या.

उडण्याच्या शॉटला हार्नेस, म्हणजे तारेला लटकवायचे अंगावरचे पट्टे, सूटच्या आत असतो आणि तारा दोन्ही खुब्यांजवळच्या चिरांतून बाहेर येतात. तारेला ओढ बसली की चीर फाटत जाते. तिथे आतून चामड्याचं ठिगळ आणि कडेला काजासारखी दाट शिलाई लागते. केप दोन ठेवाव्या लागतात: उभं राहण्यासाठी लांब, तळाला पडद्यात घालतात तशी वजनाची पट्टी लावलेली, उडण्यासाठी आखूड आणि बिनवजनाची. वजनाची केप हवेत झोका घेते आणि तारेत अडकते. शिवाय घाटाच्या पायऱ्यांवर लांब केप कृष्णेचं पाणी पिते, मग मान मागे ओढली जाते. एकसंध सूटमध्ये लघवीचं काय, हे डिझाइन करणाऱ्याला कधी सुचत नाही. कंबरेला छुपी चेन घातली.

आता राहिला हिरोच्या जागी उड्या मारणाऱ्या फायटरचा सूट. त्यालाही तीच शेडिंग हवी, नाहीतर कट पडला की हिरोचं पोट बदलतं. प्रॉडक्शनवाला म्हणाला, लांबून कोण बघतंय? मी त्याला मॉनिटरपाशी नेलं. संध्याकाळी दुसरा सूट डमीवर चढला.