जपानचा कीबोर्ड आणि गिरगावातली वीज

परदेशातून आलेला कीबोर्ड आपल्याकडे चालवायचा म्हटले की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘एकशे दहाचा स्टेपडाउन (व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) आण आणि लाव.’ सल्ला देणाऱ्याने बहुधा कीबोर्डच्या पाठीवरची पट्टी वाचलेली नसते. माझा मावसभाऊ ओसाकाहून कायमचा परतला तेव्हा तिथल्या जुन्या वाद्यांच्या दुकानातून घेतलेला एक दणकट कीबोर्ड सोबत घेऊन आला. तो आमच्या गिरगावातल्या भजनी मंडळाला द्यायचे ठरले आणि त्याच्या वीजपुरवठ्याची जबाबदारी ओघानेच माझ्याकडे आली.

मुंबईत वीज बेस्टची असो, टाटांची असो की अदानींची, घरात येते ती २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. अमेरिकेत ती १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असते. जपानमध्ये विद्युतदाब सगळीकडे १०० व्होल्ट, पण वारंवारता पूर्वेकडे ५० आणि पश्चिमेकडे ६०, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनित्रे घेतली, ओसाकाने अमेरिकन, आणि तो भेद आजपर्यंत मिटलेला नाही. बाजारात मात्र या साऱ्यांना सरसकट ‘एकशे दहा’ म्हणतात, आणि तो आकडा यांपैकी कोणत्याच देशाचा नाही.

कीबोर्ड हल्लीचा असेल तर बहुतेक वेळा काहीच करावे लागत नाही. ॲडॅप्टरवर ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे छापलेले असले की फक्त पिनांचा प्रश्न उरतो. ॲडॅप्टर केवळ १०० किंवा १२० व्होल्टचा असेल तर त्याच्यासाठी स्टेपडाउन शोधत बसण्यापेक्षा तो बाजूला ठेवून इथलाच दुसरा घ्यावा. त्याचे बाहेर पडणारे व्होल्ट मूळच्या इतकेच असावेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त असावेत, आणि पिनेच्या मध्यभागी धन आहे की ऋण हे जुळलेच पाहिजे. यामाहाच्या बऱ्याच पोर्टेबल कीबोर्डांना १२ व्होल्ट आणि मध्यभागी धन लागते, तर कॅसिओच्या जुन्या ९ व्होल्टच्या ॲडॅप्टरांत मध्यभागी ऋण असते, त्यामुळे पिन भोकात बसली एवढ्यावर विसंबू नये. काही जुन्या ॲडॅप्टरांतून डीसीऐवजी एसीच बाहेर पडते. पट्टीवर बाहेर पडणाऱ्या व्होल्टच्या आकड्याशेजारी नागमोडी रेघ दिसली तर ती हीच खूण.

भावाच्या कीबोर्डला ॲडॅप्टर नव्हताच. त्याचा ट्रान्सफॉर्मर पोटात होता आणि मागच्या बाजूस, अर्धवट सोललेल्या चंदेरी पट्टीवर, ‘१०० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ, २५ वॉट’ एवढेच लिहिले होते. असा ट्रान्सफॉर्मर थेट २३० व्होल्टला जोडला तर त्याचा लोखंडी गाभा चुंबकत्वाने पुरता भरून जातो, प्राथमिक, म्हणजे वीज आत घेणारी, गुंडाळी भरमसाट करंट ओढू लागते आणि नशीब चांगले असेल तर गुंडाळीच्या थरांखाली दडलेला, फार तापले की उडणारा थर्मल फ्यूज उडतो. तो एकदाच उडण्यासाठी केलेला असतो, सहज बदलता येत नाही, आणि मग मेकॅनिक ‘ट्रान्सफॉर्मर गेला’ एवढेच सांगतो. आत ट्रान्सफॉर्मरऐवजी फक्त १०० ते १२० व्होल्टसाठी केलेला स्विचिंग सप्लाय (विजेची झपाट्याने उघडझाप करून व्होल्ट उतरवणारे सर्किट) असेल तर प्रकार अधिक नाट्यमय होतो, कारण २३० व्होल्टचे शिखरमूल्य ३२५ व्होल्टच्या घरात जाते आणि तिथला कपॅसिटर बहुधा २०० व्होल्टचाच असतो.

म्हणून लॅमिंग्टन रोड गाठला. पाट्यांवर त्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात. दुकानदाराने तयार खोका पुढे सरकवला आणि म्हणाला, “साहेब, शंभर काय, एकशे दहा काय, दहाचा तर फरक! बिनधास्त लावा.” पण हिशेब दहाचा नव्हता. संध्याकाळी मंडळाच्या खोलीतल्या सॉकेटवर मल्टिमीटर २३८ दाखवत होता, म्हणजे २३०ला ११० देणाऱ्या खोक्यातून सुमारे ११४ व्होल्ट बाहेर पडले असते. समजा कीबोर्डच्या आतल्या रेग्युलेटरला, म्हणजे व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या भागाला, मूळ योजनेप्रमाणे १६ व्होल्ट मिळून तो १२ बाहेर देतो, तर चार व्होल्ट तो उष्णतेच्या रूपाने गिळतो. तेच १६ चौदा टक्क्यांनी वाढून १८च्या वर गेले की गिळायचे सहा व्होल्ट होतात, म्हणजे रेग्युलेटरची उष्णता दीडपटीहून अधिक. कीबोर्ड त्याच दिवशी बंद पडणार नाही, चालेलही. पण पंख्याखालच्या दिवाणखान्यात चालणे वेगळे आणि गणपतीच्या मांडवात, ऐन उकाड्यात, चार तास आरत्या-भजने सोसणे वेगळे.

शिवाय तो तयार खोका ऑटोट्रान्सफॉर्मर, म्हणजे आत-बाहेर मिळून एकच गुंडाळी असलेला, होता. हे ओळखायला फार विद्या लागत नाही: खोका कशालाही न जोडता मल्टिमीटरच्या बझरने आत येणारी पिन आणि बाहेरचे सॉकेट यांच्यामध्ये तपासावे, मीटर वाजला तर दोन्ही बाजू एकाच गुंडाळीच्या आहेत. अशा गुंडाळीचे न्यूट्रलकडचे टोक कधी तुटले तर जवळजवळ सगळा २३० व्होल्टचा दाब बाहेरच्या सॉकेटवर येऊन उभा राहतो. ट्रॅव्हल कन्व्हर्टर नावाने मिळणाऱ्या हलक्या डब्या तर त्याहून वाईट. त्यांतल्या कित्येक डब्या केस वाळवण्याच्या यंत्रासारख्या तापणाऱ्या वस्तूंसाठी केलेल्या असतात आणि विजेची लहर कापूनच पुढे देतात. वाद्याला त्या लावू नयेत.

शेवटी त्याच रस्त्यावर, एका जिन्याखालच्या टेबलावर काम करणाऱ्या वाइंडिंगवाल्या काकांकडून ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. त्यांना सांगितले ते इतकेच: दोन गुंडाळ्या वेगळ्या, बाहेर १०० व्होल्ट, क्षमता ७५ व्हीए (व्होल्ट-अँपिअर), आणि प्राथमिक बाजूला २३० व २४० असे दोन टॅप, म्हणजे जोडणीची टोके. काकांनी कागदावर फेऱ्यांचा हिशेब मांडता मांडता विचारले, “पंचवीस वॉटला पंच्याहत्तर कशाला?” मी म्हटले, “काका, गार राहायला.” त्यावर त्यांनी मान डोलावली आणि पुढे एक प्रश्न केला नाही. गिरगावात मी २४०चा टॅप वापरतो आणि बाहेर ९९ ते १०० व्होल्ट मिळतात. आत येणाऱ्या वायरवर ५०० मिलिअँपिअरचा सावकाश उडणारा फ्यूज आहे, ट्रान्सफॉर्मरची पेटी लोखंडी आहे आणि ती थ्री-पिनच्या अर्थिंगला जोडलेली आहे.

कीबोर्ड अमेरिकेचा असता तर मी वेगळा आकडा सांगितला असता. गाभ्यातले चुंबकत्व व्होल्ट आणि हर्ट्झ यांच्या गुणोत्तरावर ठरते, त्यामुळे पट्टीवर ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ एवढेच असलेल्या ट्रान्सफॉर्मरला आपल्या ५० हर्ट्झवर पुरे १२० दिले तर गाभ्यावरचा भार २० टक्क्यांनी वाढतो. तिथे ११०च्या आसपास राहणे बरे, म्हणजे दुकानदाराचा तो खोका, दोन गुंडाळ्यांचा असता तर, त्या कीबोर्डला शोभला असता.

स्वराचे काय, असे मंडळातल्या हार्मोनियमवाल्या बुवांनी विचारले, आणि प्रश्न रास्त होता. आजच्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डची स्वरपट्टी आतला ठराविक गतीने कंप पावणारा क्रिस्टल ठरवतो, त्यामुळे काळी चार ही काळी चारच राहते. पण सिंक्रोनस, म्हणजे विजेच्या वारंवारतेच्या तालावर फिरणाऱ्या, मोटरवर चाके फिरवून स्वर काढणारा जुना हॅमंड ऑर्गन ६० हर्ट्झसाठी केलेला असेल तर तो आपल्याकडे पाच-षष्ठांश वेगाने फिरेल, आणि षड्ज दाबला की ऐकू येईल मंद्र सप्तकातला शुद्ध धैवत. तिथे व्होल्ट बदलून भागत नाही, वारंवारताच बदलावी लागते.

खरी धास्ती मला वायरीच्या शेवटच्या टोकाची होती. आपल्याकडच्या एक्स्टेन्शन बोर्डांची सॉकेटे अशी सर्वसमावेशक असतात की जपानी चपट्या पिना त्यांत अलगद बसतात, आणि कार्यक्रमाच्या गडबडीत माइक, ॲम्प्लिफायर, दिव्यांची माळ हे सगळे एकाच बोर्डावर खोचणारा एखादा उत्साही मुलगा प्रत्येक मंडळात असतोच. ‘२३०ला लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवून त्याला आवरता येत नाही. म्हणून कीबोर्डचा मूळ प्लग कापून टाकला, त्याची वायर थेट पेटीच्या आत नेऊन कनेक्टरवर घट्ट बसवली आणि बाहेर खेचली जाऊ नये म्हणून आतून क्लँप लावला. आता कीबोर्ड उचलला की पेटी सोबत येते, आणि बाहेर लोंबणारा एकच प्लग आहे तो आपला थ्री-पिन. कीबोर्ड आणि पेटी यांच्यामधली वायर मुद्दाम लांब ठेवली आहे, कारण पेटी ॲम्प्लिफायरच्या तारेजवळ ठेवली तर स्पीकरमधून ५० हर्ट्झची घरघर ऐकू येते. ती चार हात दूर, टेबलाखाली सरकवली की थांबते.