जुना जपानी बेस कोणाचा? हेडस्टॉक सोडा, नेक उघडा

मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूला ऑर्केस्ट्रावाल्यांच्या माळ्यावरून किंवा बोटीवर नोकरी केलेल्या कुणाच्या तरी पेटाऱ्यातून साठ-सत्तरच्या दशकातले जपानी बेस, म्हणजे खर्जाच्या इलेक्ट्रिक गिटारी, अजून बाहेर पडतात. हेडस्टॉकवरचं, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकावरचं, नाव शाबूत असो की गळून गेलेलं, तेवढ्यावर जाऊ नका. ते नाव बहुधा विकणाऱ्याचं असतं. आयबानेझ होशिनो कंपनीचा ब्रँड, ग्रेको कांदा शोकाईचा, आरिया अराईचा; माल मात्र बराचसा फुजीजेन आणि मात्सुमोकू या मात्सुमोतो शहरातल्या कारखान्यांचा. टेस्कोचा स्वतःचा कारखाना होता, पण १९६७मध्ये कंपनी कावाईकडे गेली, त्यामुळे तिथेही तारीख पाहावी लागते.

नेकप्लेटवर (नेक, म्हणजे गिटारची मान, बॉडीला जिथे स्क्रूने जोडलेली असते तिथली पट्टी) नंबर असेल तर काम सोपं. आयबानेझवर १९७५पासून इंग्रजी अक्षर आणि पुढे आकडे येतात: ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर, नंतरचे दोन आकडे वर्षाचे. ई७८ने सुरू होणारा नंबर मे १९७८चा. फेंडर जपानचा जेव्ही नंबर १९८२पासूनचा, फुजीजेनचा. नुसतं 'मेड इन जपान' किंवा 'स्टील रीइन्फोर्स्ड नेक' एवढंच असेल, तर त्यावरून कारखाना ठरत नाही. ट्यूनरवर (तारा पिळायच्या खुंटीवर) गोटो दिसलं म्हणून बेस गोटोचा होत नाही. ते सगळ्यांनाच माल द्यायचे.

खरा पुरावा नेकच्या बुडाशी आणि पिकअपखालच्या (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकाखालच्या) खाचेत असतो. पण उघडण्याची घाई नको, पावसाळ्यात तर मुळीच नको: लाकूड फुगून सांधा घट्ट बसलेला असतो. पाऊस सरून हवा कोरडी झाली की हात घाला. आधी तारा पूर्ण सैल करा. जपानी स्क्रूची प्लस खाच जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाची असते. साधा फिलिप्स पेचकस त्यातून उसळतो आणि डोकं खातो. म्हणून जेआयएस पेचकस मिळवाच. खाऱ्या हवेने गंजून स्क्रू जाम झाला असेल, तर तेल ओतू नका, ते लाकडात मुरतं. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवा, थंड होऊ द्या, मग फिरवा. चारही स्क्रू तिरक्या क्रमाने थोडे थोडे सैल करा. फटीत सुरी घालून उचकटलंत तर जाड पॉलिश टवका होऊन निघतं. नेक हळू हलवूनच सोडवा. आत कागदाची किंवा पुठ्ठ्याची पट्टी निघाली तर ती तशीच जपा, नेकचा कोन तिच्यावरच आहे.

बुडावर शिक्का किंवा पेन्सिलीचे आकडे असतील, तर टॉर्च आडवा धरून फोटो काढा. थिनर लावू नका. बुरशी असेल तर कोरडा ब्रशच बरा. दोन आकडी वर्ष दिसलं की थांबा: ते शोवा या जपानी सनाचंही असू शकतं. ५० मध्ये २५ मिळवा, म्हणजे १९७५. पिकअपच्या खाचेत थरावर थर दिसले तर बॉडी प्लायवुडची. स्वस्त मॉडेलांत ते सर्रास होतं, आणि किनाऱ्यावर हेच थर सुटतात. पिकअप उचलताना खालचा फोम चिकटलेला असतो, ओढलात तर केसासारखी कॉइलची तार तुटते. पॉटवर (नॉबखालच्या आवाज कमीजास्त करणाऱ्या भागावर) १३७ने सुरू होणारा कोड म्हणजे अमेरिकन सीटीएस कंपनीचा; बहुधा नंतर कुणीतरी बदललेलं.

विक्रेता 'लॉसूट बेस' (कोर्टातल्या दाव्यात सापडलेला बेस) म्हणाला तर भाव वाढवू नका. १९७७चा तो दावा गिब्सनच्या मालक कंपनीने आयबानेझच्या अमेरिकी शाखेवर केला होता, गिटारच्या हेडस्टॉकच्या आकारावरून. प्रत्येक जपानी नक्कल त्यात येत नाही.

दोन स्वतंत्र खुणा एकाच कारखान्याकडे बोट दाखवत असतील तरच नाव घ्या. नेक परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात टचकन पडल्याचं जाणवेल, मग सुलटा आवळा. नाहीतर नवे आटे पडून भोक सैल होतं.