टीआरएनए टाकला आणि हिट गेला

गेल्या आठवड्यात एक हिट, म्हणजे चाचणीत आशादायक ठरलेलं कंपाउंड, हातातून गेला. तसं हे होतच असतं पण या वेळी त्यात जीव अडकला होता म्हणून लिहून काढतेय.

आमचं काम आरएनएला पकडणारे छोटे रेणू शोधायचं, म्हणजे पुढे कधीतरी गोळी किंवा सिरप करून तोंडाने घेता येईल असं काहीतरी. आजची बहुतेक औषधं प्रोटीनवर काम करतात, पण कितीतरी प्रोटीनांना औषध बसेल अशी खाचच नसते, मग प्रोटीन तयार व्हायच्या आधीच, त्याच्या आरएनएलाच, म्हणजे प्रोटीन बनवायची सूचना नेणाऱ्या रेणूलाच, गाठलं तर? कल्पना ऐकायला सरळ आहे आणि मला ती अजूनही तितकीच आवडते.

तर झालं असं. ३८४ वेलची (खळग्यांची) प्लेट, आमच्या आरएनएला फ्लुरोसंट म्हणजे चमकणारा टॅग, कंपाउंड चिकटलं की सिग्नल खाली येतो. या एका कंपाउंडचा कर्व्ह इतका देखणा आला, वर सपाट, मध्ये उतार, खाली सपाट, की मी तो दोनदा रिपीट केला आणि दोन्ही वेळा तसाच. मग तिसऱ्या प्लेटमध्ये नेहमीचा कंट्रोल लावला, यीस्टचा टीआरएनए (अमिनो ॲसिड आणून देणारा, आमच्या आरएनएशी संबंध नसलेला आरएनए) शंभरपट टाकला. कर्व्ह आडवा. सगळं कंपाउंड टीआरएनएने पिऊन टाकलं होतं.

कारण रचना बघितली तर समोरच होतं, दोन अमाइन (नायट्रोजनवाले गट), दोन्हीवर पॉझिटिव्ह चार्ज. आरएनएच्या अख्ख्या कण्यावर फॉस्फेटचे निगेटिव्ह चार्ज असतात, त्यामुळे असं कंपाउंड दिसेल त्या आरएनएला चिकटतं, आणि पेशीत तर बहुतेक सगळा आरएनए रायबोसोमचा (प्रोटीन बनवणाऱ्या यंत्राचा) आणि टीआरएनएच असतो, आपला एमआरएनए, म्हणजे प्रोटीनची सूचना नेणारा, त्यात चिमूटभर. शिवाय प्रोटीनमध्ये २० प्रकारचे अमिनो ॲसिड असतात, इथे अक्षरं चारच, म्हणून एक हेअरपिन (आरएनए स्वतःवरच दुमडून होणारा आकार) दुसऱ्यासारखाच दिसतो. चिकटणं फुकट मिळतं हो, नेमकं चिकटणं मिळत नाही.

पण मिळतच नाही असंही नाही. लिनेझोलिड हे ॲंटिबायोटिक बॅक्टेरियाच्या रायबोसोममधल्या २३एस आरएनएला धरतं आणि त्यावर असा चार्ज नाही, तिथली खाच इतकी नीट घडलेली आहे की गरजच पडत नाही. सगळा खेळ खाचेचा आहे असं माझं मत होत चाललंय.

आणि मग रिस्डिप्लॅम हे औषध. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफीमध्ये (स्नायू दुबळे होत जाणारा आनुवंशिक आजार) एसएमएन१ जीन बिघडलेला असतो, त्याची जवळजवळ कॉपी असलेला एसएमएन२ शाबूत असतो पण त्याच्या एक्झॉन ७ मध्ये (एक्झॉन म्हणजे अंतिम आरएनएत राहणारा तुकडा) एका सी या अक्षराच्या जागी टी आहे, तेवढ्यावरून स्प्लायसिंगच्या, म्हणजे तुकडे कापून जोडण्याच्या, वेळी तो एक्झॉन बहुतेकदा गाळला जातो आणि प्रोटीन अपुरं पडतं. स्प्लायसिंग सुरू होताना यू१ नावाचा दुसरा आरएनए एक्झॉनच्या टोकाशी जोडी जमवतो, आणि तिथे एक ए जोडीविना बाहेर फुगलेला असतो. या जातीचा रेणू बरोबर त्या फुगीरपाशी बसतो आणि ती जोडी घट्ट करतो. म्हणजे खाच एकट्या आरएनएमध्ये नव्हतीच, दोघं एकत्र आल्यावर तयार झाली! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पेपर खाली ठेवून नुसती बसून राहिले होते. याच आजारावरचं २०१६ला आलेलं न्युसिनर्सेन पाठीच्या कण्यात सुई घालून द्यावं लागतं, रिस्डिप्लॅम २०२० मध्ये मंजूर झालं ते तोंडाने घ्यायचं औषध म्हणून. लहान बाळांच्या बाबतीत हा फरक केवढा मोठा आहे.

मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की कुणी एकट्या आरएनएला चिकटवून बघून हे शोधलं नाही, पेशीत एक्झॉन ७ आत राहतोय का एवढंच बघत कंपाउंड चाळले आणि ते नेमकं कुठे बसतं हे मागाहून उलगडलं. रायबोसिल या रेणूचंही तसंच. २०१५ मध्ये मर्क या औषध कंपनीच्या लोकांनी सुमारे ५७ हजार कंपाउंड बॅक्टेरियावर टाकून पाहिले, रायबोफ्लेविन (ब२ जीवनसत्त्व) दिलं की ज्याचा परिणाम जातो असं एक मिळालं, आता वाटणार की ते रायबोफ्लेविन बनवण्याच्या मार्गातल्या एखाद्या एन्झाइमवर काम करत असणार, पण त्याला दाद न देणाऱ्या बॅक्टेरियातले बदल निघाले ते आरएनएच्या रायबोस्विचमध्ये, म्हणजे छोटा रेणू बसला की जीनचं काम चालू-बंद करणाऱ्या तुकड्यात.

म्हणून आता आम्हीही क्रम उलटा करतोय. आधी पेशीतला रिपोर्टर (हवा तो परिणाम झाला की प्रकाश देणारा जीन), प्रकाश वाढला तरच पुढे, आणि बाइंडिंग, म्हणजे चिकटण्याची चाचणी, त्यानंतर, तेही पहिल्या दिवसापासून टीआरएनए घालूनच. जुन्या लायब्ररीतले दोन अमाइनवाले सगळे बाजूला काढले, शेवटच्या प्लेटवर ते बरेच निघाले. रिपोर्टरच्या पेशी काल प्लेट केल्यात, उद्या सकाळी रीड आहे.