खोडरबर कुठंय?

माझ्या क्लासात खोडरबर कुठंय, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. चित्रकलेच्या क्लासमधून मुलांना न्यायला येणाऱ्या आयांचा ठरलेला प्रश्न असतो, "मॅडम, कच्च्या रेघा पुसायला का लावत नाही? वही किती घाण दिसते!"

आधी मी लांबलचक उत्तर द्यायचे. आता लॅपटॉपवर 'वुल्फवॉकर्स' लावते आणि दोन ठिकाणी थांबवते.

टॉम मूर आणि रॉस स्टीवर्ट यांचा २०२०चा हा ॲनिमेशन सिनेमा. कार्टून सलून हा त्यांचा स्टुडिओ आयर्लंडमधल्या किलकेनी गावात आहे आणि गोष्टही तिथलीच, १६५०ची. इंग्रजांनी गाव घेतलंय. लांडगे संपवायला आणलेल्या शिकाऱ्याची मुलगी रॉबिन हिला रानात मेव्ह भेटते. मेव्ह झोपली की तिचा जीव लांडगी होऊन फिरतो. अशा माणसांच्या दंतकथा त्या भागात खरंच सांगितल्या जात. लांडग्यांचा काळही खराच होता: १६५३च्या हुकुमानुसार मादी मारणाऱ्याला ६ पौंड इनाम होतं.

पहिला थांबा गावात. घरं, तट, माणसं, सगळं टोकदार आणि चपटं, लाकडी ठशाने छापल्यासारखं. रेघ जाड, रंग तिच्या जरासा बाहेर सरकलेला. जुन्या लग्नपत्रिकेवर गणपतीचा लाल रंग सोंडेबाहेर यायचा ना, तसा.

दुसरा थांबा रानात. इथे रेघ सैल होते. डोक्यासाठी आधी काढलेला गोल, पाठीचा बाक, सगळं अंगावर तसंच दिसतं. एरवी सिनेमात क्लीन-अप करताना, म्हणजे कच्चं चित्र स्वच्छ रेघेत उतरवताना, या रेघा जातात, इथे मुद्दाम राखल्यात. रॉबिन आधी गावच्या रेघेत असते. मेव्हबरोबर फिरता फिरता तिचीही रेघ सुटत जाते. हे कुणी बोलून दाखवत नाही, नुसतं दिसतं. आणि ती लांडगी होऊन धावते तेव्हा वाससुद्धा दिसतात! तो भाग कागदावर कोळशाने आणि पेन्सिलीने काढलाय. (शेवटची मारामारी मला लांबलेली वाटते, पण ते असो.)

म्हणजे खोडरबरावर माझा राग आहे असं नाही. इंटरमिजिएटच्या परीक्षेला स्वच्छ रेघ लागते, ती मी घोटून घेते. किलकेनीचा तट काढायचा तर तीच हवी. पण आठ वर्षांचं पोर रेघ ओढतं, पुसतं, पुन्हा ओढतं, आणि तासाभराने कागदाला भोक पडलेलं असतं. चित्र कुठंच नाही.

परवा एकाने लांडगा काढला. पाठीचा बाक सात वेळा बदललेला, सातही रेघा जागच्या जागी. आईने वही हातात घेतली आणि विचारलं, "अरे, पुसायचं राहिलं का?"

"नाही गं," तो चपला घालता घालता म्हणाला, "पळतोय तो."